डिग्रीकाका

गल्लीत कुणाकडे कोण आजारी आहे हे मला नेहमी सगळ्यांत शेवटी कळतं. पण शेजारच्या डिग्रीकाकांच्या लॅपटॉपला आज किती आहे, हे सकाळी दुधाची पिशवी घ्यायला फाटक उघडलं की लगेच कळतं. "एकाहत्तर," काका कुंपणापलीकडून सांगतात. त्यांच्या हातात कप असतो. कपातल्या चहाचं तापमानही त्यांना ठाऊक असतं, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या घरात एक कुटुंब नव्यानं राहायला आलं. पहिल्याच आठवड्यात त्या बाईंच्या कानावर काकांचं वाक्य पडलं, "रात्री एकोणनव्वदवर गेला होता. पाठीखाली टेकू दिला, तेव्हा कुठे उतरला." संध्याकाळी बाई अर्धा डझन मोसंबी घेऊन काकूंकडे हजर. काकूंनी मोसंबी ठेवून घेतली, त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आत टेबलावर आहे. भेटायचं असेल तर भेटून घ्या. पण त्या खोलीत एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत."

हा दोन माणसांचा नियम खराच आहे. त्याकडे येतो.

काका वीजखात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं सबस्टेशनवर गेली. हिंगणघाट, उमरेड, वरोरा आणि शेवटी नागपूर. शिक्षण डिप्लोमाचं. इंजिनिअर लोकांत डिप्लोमावाले आणि डिग्रीवाले ही फार जुनी भाऊबंदकी आहे. मागून आलेला डिग्रीवाला पोरगा ट्रान्सफॉर्मरचं झाकण कुठून उघडतं हे तुमच्याकडून शिकतो आणि दोन वर्षांनी तुमच्याच रजेच्या अर्जावर सही करतो. काकांना ही सल होती. निवृत्तीनंतर गल्लीनं त्यांना परीक्षा न घेता डिग्री बहाल केली. त्यांनीही ती मान्य केलेली दिसते, कारण परवा कुरिअरवाल्यानं "डिग्रीकाकांचं घर हेच का?" म्हणून विचारलं तेव्हा ते "हौ, बोल" म्हणाले.

लॅपटॉप मुलाचा. बंगळुरूला त्याला कंपनीचा मिळाला, म्हणून २०१९ साली हा जुना इथे आला. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला, विजेचं बिल भरायला आणि नातीचं तोंड पाहायला उपयोगी पडेल अशी कल्पना होती. यंत्र दणकट. मुलानं गेम खेळण्यासाठी घेतलेलं, पंचेचाळीस वॅटच्या प्रोसेसरचं. विजेचं बिल भरायला ते वापरणं म्हणजे रिकामी पिशवी आणायला ट्रक काढण्यासारखं होतं, पण त्या पहिल्या हिवाळ्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. मे उजाडला तेव्हा काकांनी बिल भरता भरता सहज त्याच्या पोटाखाली हात घातला. चौतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला हात लावून ताप ओळखलेला तो हात. त्यांनी बिल अर्धवट सोडलं आणि मुलाला फोन केला.

मुलानं चूक अशी केली की, कामात होता म्हणून, तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितलं. आता पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा बसला. दर सेकंदाला बदलणारा. ८२, ८५, ८१, ९०. एक गोष्ट काकांच्या कुणी ध्यानात आणून दिली नाही, आणि मीही दिली नाही, कारण मला शेजारी राहायचं आहे: तो आकडा दर सेकंदाला ताजा ठेवायलाही यंत्राला थोडं काम पडतंच.

दुसऱ्या दिवशी काकांनी माळ्यावरून खात्याच्या जमान्यातलं एक कोरं रजिस्टर काढलं. सबस्टेशनवर दर तासाला रीडिंग घेऊन लॉगशीट भरायची असते. व्होल्टेज, ॲम्पिअर, तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान, हवामान, शेरा. काकांनी पट्टीनं रकाने आखले: वेळ, खोली, लॅपटॉप, पंख्याचा आवाज, लोड, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी डोकावलो आहे. 'दु. २.००, खोली ३९, लॅपटॉप ८८, पंखा मोठा. सौ. ने कणीक मळत यूट्यूब लावले.' 'दु. ३.००, ८४. यूट्यूब बंद करविले. सौ. नाराज.' 'सायं. ६.००, ७९. सौ. बोलत नाही. पंखा लहान.'

वीजखात्याबाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल, पण काकांच्या जागी उभं राहून पाहा. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तेलात बुडवलेल्या तांब्याच्या गुंडाळ्या. तेल तापतं, वर चढतं, बाजूच्या पंखांतून खाली उतरता उतरता निवतं आणि पुन्हा आत जातं. गुंडाळीभोवती कागद असतो. ठरलेल्या मर्यादेच्या वर सहा अंश गेले की त्या कागदाचं झिजणं दुपटीनं होतं, म्हणजे आयुष्य निम्मं. आणखी सहा चढले की त्याच्याही निम्मं. चौतीस वर्षं ह्या सहा अंशांच्या भीतीत झोपलेला माणूस लॅपटॉपच्या ९० कडे थंडपणे कसा बघेल? उमरेडला एका मेमध्ये त्यांनी स्वतःच्या क्वार्टरमधला कूलर उचलून ट्रान्सफॉर्मरच्या पंखांसमोर नेऊन लावला होता. गाव शाबूत राहिलं. घरात काकू आणि दोन महिन्यांचं मूल ओल्या चादरीवर झोपले. ही हकीकत दोघंही सांगतात, पण आवाज वेगवेगळे असतात.

मुख्य अडचण लॅपटॉपची नाही, नागपूरची आहे. लॅपटॉप स्वतःची हवा कुठून आणत नाही, खोलीतलीच आत ओढतो आणि तापवून बाहेर टाकतो. पंचवीस अंशांच्या खोलीत जो पासष्टवर चालतो, तो पंचेचाळीसच्या खोलीत साधारण पंच्याऐंशीवर जाणार. मधलं चाळीसचं अंतर तो सोडत नाही. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता. ती तारीख काकांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. पुढे ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ दाखवले. बातमी येताच काकांनी आतली दारं लावून लॅपटॉप बंद केला आणि त्यावर ओलं फडकं टाकावं की नाही याचा अर्धा तास विचार केला. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. काकांना त्याचा राग आला नाही. कीव आली. "त्यालेही ऊन लागलं असेल," म्हणाले.

पहिला उपाय अर्थात टेकूचा. लॅपटॉपची नाकपुडी पोटाखाली असते. गादीवर, उशीवर, टेबलक्लॉथवर ठेवला की ती बुजते. मागची बाजू बोटभर उचलली तरी फरक पडतो. काकांनी बाटल्यांची चार झाकणं लावली. ८८ चे ८४ झाले. चार अंश! काका संध्याकाळी पेढे घेऊन आले होते. मग त्यांच्या मनात आलं, झाकणांनी चार पडत असतील तर खालून सगळीकडूनच हवा खेळली तर? त्या रात्री काकूंची पापड भाजायची जाळी गेली. नंतर पोळ्या निववायची जाळी. शेवटी इडलीपात्राची एक थाळी, कारण ती ॲल्युमिनियमची आणि भोकाभोकांची. तेव्हापासून त्या घरी इडल्या तीन थाळ्यांतच होत होत्या. काकूंनी तक्रार केली नाही, पण आम्हाला बोलावलं त्या रविवारी मोजून इडल्या वाढल्या आणि म्हणाल्या, "उरलेल्या त्याच्या खाली आहेत."

पिस्तूल आलं ते करोनानंतर. करोनात सोसायट्यांच्या, दुकानांच्या दारात कपाळावर रोखायचे ना, तेच. साथ ओसरल्यावर ओळखीच्या औषध दुकानदाराकडून काकांनी ते स्वस्तात घेतलं, आणि माणसांचाच ताप सांगतं म्हणून मुलाकडून यंत्रांचा ताप मोजणारं दुसरं मागवलं. आता लॅपटॉपच्या सेन्सरचा आकडा आणि पिस्तुलाचा आकडा यांची रोज गाठ घालून पाहतात. सेन्सर चिपच्या पोटातला ताप सांगतो, पिस्तूल कातडीवरचा. दोन्ही जुळत नाहीत आणि जुळणारही नाहीत, पण जमाखर्च जुळला नाही तर झोप न येणाऱ्या पिढीतले काका आहेत. शिवाय चकचकीत धातूवर पिस्तूल खोटं बोलतं, आकडा कमी सांगतं. म्हणून काकांनी लॅपटॉपला पाच ठिकाणी काळ्या इन्सुलेशन टेपचे चौकोन चिकटवले आहेत. दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या तिटांसारखे दिसतात. काकूंचं मत, तीटच आहे.

दोन माणसांचा नियम ह्याच काळातला. काकांनी कुठेतरी वाचलं की स्वस्थ बसलेलं माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतं. हे खरं आहे. काकांनी त्यावर गुणाकार केला. भिशीच्या दिवशी खोलीत आठ बायका, म्हणजे आठशे वॅट. "आठशे वॅटचा हीटर घरात लावला तं तू काय म्हणशील?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्या पण पाहुण्या आहेत. "मी कुठं नाही म्हणून राह्यलो? हॉलमध्ये बसा म्हणतो. तिथं लोड नाही." तेव्हापासून भिशी आमच्याकडे भरते.

त्यांना कूलर लॅपटॉपवर रोखायचं सुचणार, हे कुणालाही आधीच कळायला हवं होतं. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं यंत्र नाही. ताट्यांतल्या ओल्या गवतातून हवा ओढली जाते, पाणी उडता उडता तिच्यातली उष्णता घेऊन जातं, आणि चाळीसची हवा घरात येताना तिशीच्या आसपास येते. माठाचंच गणित, फक्त पंखा लावलेलं. मृगाचा पाऊस पडला की हेच यंत्र घर दमट करून सोडतं, पण मेपर्यंत त्याला तोड नाही. काकांनी खिडकीतल्या कूलरची झडप वळवून टेबलाकडे केली. ८४ चे ७६ झाले. काकू पलंगावर. पलंगाकडे हवा आता टेबलावरून आपटून येई, म्हणजे लॅपटॉपनं वापरून झाल्यावर. हे तीन उन्हाळे चाललं. हे तीन उन्हाळे वाचकांनी लक्षात ठेवावेत.

फ्रिजचा सल्ला त्यांना गल्लीतल्या चार जणांनी दिला, मीही त्यातला. चेष्टेत. काकांनी तो गंभीरपणे फेटाळला. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला श्वास घ्यायची एक नळी असते, तिच्या तोंडाशी सिलिका जेलचे निळे खडे ठेवतात. हवेतला ओलावा पिऊन ते गुलाबी होतात, मग बदलायचे. "गुलाबी झाला म्हणजे पाणी आत घुसून राह्यलं. तापानं मरायला वर्षं लागतात, पाण्यानं मिनिटात." फ्रिजमधून काढलेल्या थंड वस्तूवर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं, आमरसाच्या भांड्यावर जमतं तसं. ते पाणी सर्किटवर नको. माणूस खुळा आहे असं मानून आपण बोलावं, आणि त्यानं आपल्यालाच शिकवून परत पाठवावं, असं काकांच्या बाबतीत फार वेळा होतं.

मग आलं लोडशेडिंग. कशानंही तापमान उतरत नसेल तर लोड कमी करा, हे तर ते जन्मभर करत आले होते. त्यांनी घरात वेळापत्रक लावलं. सकाळी ९ ते ११ बिल आणि बँक. ११ ते ४ सक्तीची विश्रांती. ४ ते ५ काकूंचं यूट्यूब, तेही चित्र बारीक करून. ब्राउझरच्या प्रत्येक उघड्या टॅबला ते 'फीडर' म्हणतात. एकदा रामरक्षा मधेच बंद पडली म्हणून काकू आल्या तर काका म्हणाले, "तुझा फीडर ओव्हरलोड होता. पंधरा मिनिटांनी सोडतो." तशी ही गोष्ट बरोबरच आहे. बंद करायच्या राहिलेल्या टॅबा, आपोआप सुरू होणारी सॉफ्टवेअरं, व्हायरस शोधायचं सॉफ्टवेअर दुपारी भर उन्हात सगळी डिस्क उपसत बसतं ते, ह्यांनी यंत्र कुणाच्या नकळत तापतं. पण रामरक्षेला फीडर म्हणणं काकूंना लागलं. त्या मोबाईलवर ऐकू लागल्या. काकांनी पिस्तूल मोबाईलवर धरलं.

नात दर मेमध्ये येते. चौदा वर्षांची आहे. ह्या घरात लॅपटॉपचा गेम खेळण्यासाठी उपयोग करणारं ते एकच माणूस, आणि मूळ मालक गेला तेव्हापासून त्या यंत्राला ज्याच्यासाठी जन्म घेतला ते काम देणारंही तेच. गेल्या वर्षी ती पलंगावर लोळत, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि आकडा ९७ वर गेला. काका दारातच थांबले. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्यांनी तिला २०१० साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी छापलेली बारा वर्षांच्या एका मुलाची हकीकत सांगितली. रोज तास न् तास मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याच्या कातडीवर तपकिरी जाळीदार डाग पडले होते. काश्मिरात कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना पडतात तसेच. नातीनं मांडी बघितली आणि टेबलापाशी जाऊन बसली. गेम चालूच.

पण पोरगी हुशार. आजोबांची दया आली असावी. तिनं गेममध्ये सेकंदाला साठ चित्रांऐवजी तीसची मर्यादा घातली. ९७ चे ८८ झाले. मग विंडोजच्या वीजवापराच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ केली. आकडा उतरत उतरत ७६ वर थांबला.

काका खुर्चीवर बसले. एक टक्का आणि बारा अंश! हे गणित कुठल्याच डिप्लोमात बसत नव्हतं. नातीनं समजावलं की शंभर म्हटलं की प्रोसेसर अधूनमधून आपल्या ठरलेल्या वेगाच्या वर उड्या मारतो, आणि नव्याण्णव म्हटलं की त्या उड्या बंद होतात. उडी मारायला त्याला व्होल्टेज जास्त लागतं. एवढं ऐकल्यावर पुढचं काकांनी स्वतः सांगायला घेतलं, कारण आता ते त्यांच्या गावात आले होते. व्होल्टेज वाढलं की वॅट वर्गाच्या हिशेबानं वाढतात. दहा टक्के पाडलं तर वॅट एकोणीस टक्क्यांनी पडतात. "म्हणजे व्होल्टेजच खाली आणू! दे, कुठं आहे तो नॉब?" नॉब नव्हता. २०१९ मध्ये व्होल्टेज खाली-वर करून प्रोसेसरमधली गुपितं फोडता येतात असं संशोधकांनी दाखवलं, त्याला प्लंडरव्होल्ट म्हणतात, आणि त्यानंतर पुष्कळ लॅपटॉपांवरची ती किल्ली काढून घेतली गेली. काकांच्या लॅपटॉपवरचीही. त्यांनी ह्याचा निषेध म्हणून लॉगशीटमध्ये नातीची सही घेतली. सहीच्या खाली लिहिलं, 'नॉब उपलब्ध नाही. कळविले.' कुणाला कळवलं ते विचारायचं नसतं.

एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट काकांनी केली नव्हती. लॅपटॉप उघडला नव्हता. तळाशी एका स्क्रूवर कागदी सील होतं, 'तोडल्यास वॉरंटी रद्द'. वॉरंटी २०२० मध्येच संपलेली. पण सील म्हणजे सील. मीटरचं सील तोडणाऱ्यांच्या घरी जाऊन ज्यानं पंचनामे केले, तो स्वतःच्या घरात सील कसं तोडेल? शेवटी काकूच म्हणाल्या, "मी तोडते. माझ्यावर पंचनामा करा." आणि नखानं सील खरवडून त्या पुन्हा भाजी निवडायला बसल्या.

लॅपटॉप सीताबर्डीवरच्या एका गाळ्यात नेला. मीही गेलो होतो, साक्षीदार म्हणून. विशीतला पोरगा, कानावर पेन्सिल. त्यानं तळ उचलला आणि "काका, यात तं कोणीतरी घर बांधलं आहे" म्हणाला.

पंखा हवा ओढतो आणि तांब्याच्या बारीक पत्र्यांच्या जाळीतून बाहेर फेकतो. त्या जाळीच्या तोंडावर, पंख्याच्या आतल्या बाजूला, एक नमदा बसला होता. उशीएवढा जाड म्हणणार होतो, पण काका वाचतील, म्हणून खरं सांगतो: दोन मिलिमीटर. तेवढा पुरतो. पोरानं पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, कारण मोकळं सोडून हवेचा फवारा मारला तर ते भलत्या वेगानं फिरून खराब होतं, आणि चिमट्यानं नमदा अख्खा उचलून कागदावर ठेवला. राखाडी धूळ, थोडा कापूस, काकूंचे केस, पांढरी खरपुडी. आणि त्यात आडवेतिडवे अडकलेले सोनेरी धागे.

काकांनी एक धागा उचलला, उजेडात धरला, वास घेतला. कूलरच्या ताटीतलं गवत. पांढरी खरपुडी बोअरच्या पाण्यातल्या चुन्याची. तीन उन्हाळे लॅपटॉपच्या नाकाशी कूलर धरला होता.

काका काही बोलले नाहीत. मीही. पोरगा मात्र बोलत होता. चिप आणि तांबं यांच्यामधली पेस्ट खडूसारखी वाळली होती. तो म्हणाला, दोन सपाट पृष्ठभाग कितीही घट्ट दाबले तरी मध्ये बारीक हवा राहते, आणि हवा उष्णतेला वाट देत नाही. तिच्या जागी पेस्ट भरायची, तांदळाच्या दाण्याएवढी. काकांनी हळूच विचारलं, टूथपेस्ट चालते का? मला तेव्हाच कळलं की हे विचारणं नव्हतं, कबुली होती. सील न तोडताही ह्यांनी कुठे, कशी लावली असेल देव जाणे. पोरगा म्हणाला, "दोन-चार दिवस चालते. मग पाणी उडून जाते आणि उरतो खडू."

मग त्यानं तांब्याची चपटी नळी दाखवली. आत चमचाभरही नसेल इतकं पाणी आणि हवा काढून घेतलेली, त्यामुळे ते पाणी कोमट तापातही उकळतं. चिपपाशी वाफ होते, पंख्यापाशी जाऊन थंड होऊन पुन्हा पाणी होतं, आणि आतल्या जाळीतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं परत येतं. ना पंप, ना मोटर. १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही युक्ती बसवली. हे वर्ष पोरानं सांगितलं नाही, काकांनी घरी आल्यावर शोधून काढलं. गाळ्यात ते फक्त नळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, ही तं मोहाची भट्टी आहे!" घरी जाऊन काकूंनाही तसंच सांगितलं. काकूंनी विचारलं, "तुम्हाला भट्टी कशी ठाऊक?" काका म्हणाले, "उमरेडला ड्यूटीवर पाहिली." "कोणत्या ड्यूटीवर?" ह्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

पोरानं पाचशे रुपये घेतले. घरी येऊन लॅपटॉप लावला. ६१.

काकांनी वाट पाहिली. ६१. काकूंचं यूट्यूब लावलं, रामरक्षा लावली, तेरा फीडर एकदम सोडले. ६६. पंख्याचा आवाज येईना, तेव्हा कान लावून पाहिला. इडलीची थाळी काढून घेतली, ६७. थाळी धुऊन काकूंना परत दिली. कूलर पलंगाकडे वळला. काकूंनी आम्हाला इडल्यांना बोलावलं. चार थाळ्यांच्या.

आणि काका खचले. सकाळी कुंपणापाशी यायचे, पण सांगायला काही नसायचं. मी विचारायचो, "किती?" ते म्हणायचे, "तेच." लॉगशीट मी पाहिली आहे. पहिल्या ओळीत ६१, आणि त्याखाली दर तासाला, पानामागून पान, 'किता', 'किता', 'किता'. नवतपा लागला, रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस, बाहेर रस्त्याचं डांबर बुटाला चिकटत होतं आणि रजिस्टरमध्ये 'किता'. काकू मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यात पुन्हा थोडं गवत टाकता येईल का?"

त्याची गरज पडली नाही. काल दुपारी काका आमच्याकडे आले. भिशी नव्हती, म्हणून बसवलं. मी हे लिहीत होतो. माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे आणि मे महिन्यात पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, सवय झाली आहे मला. काका पाणी प्यायले, थोडा वेळ गप्प बसले, मग त्यांची मान हळूहळू वळली. खिशातून पिस्तूल निघालं.

"पोटाखाली काय आहे?"

"टेबलक्लॉथ."

त्यांनी डोळे मिटले. पिशवीतून रजिस्टर काढलं. त्यात माझ्या नावाचा रकाना आखलेला होता, पट्टीनं, आणि शाई वाळलेली होती. म्हणजे घरून निघतानाच आखून आणला होता. आज सकाळपासून ते इथेच बसले आहेत, खुर्ची जरा लांब, कारण त्यांचेही शंभर वॅट आहेत. दर परिच्छेदाला आकडा सांगतात. तिसऱ्याला ८४ होता. मघाशी मोहाच्या भट्टीपाशी ९१.

"अजून किती लिहायचं आहे?" त्यांनी आत्ताच विचारलं.

"शेवट राहिलाय, काका."

"त्र्याण्णव. आता नाही. उद्या सकाळी सहा वाजता लिही, तेव्हा खोली एकतीस असते." ते उठले आहेत आणि त्यांचा हात पॉवरच्या बटणाकडे चालला आहे. "शटडाऊन घेऊन राह्यलो मी. तुझा फीडर ब